दंतरोपणाभोवतीची अस्थिहानी

जबड्यात बसवलेल्या टायटॅनियमच्या कृत्रिम दंतमुळाभोवती, हिरडीलगतच्या हाडाची होणारी झीज. स्वीडिश शल्यविशारद ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये मानवात असे रोपण प्रथम केले. झीज क्ष-किरण चित्रावर मोजतात. रोपणाच्या आट्यांमधील अंतर ठाऊक असल्याने हाडाबाहेर पडलेले आटे मोजूनही तिचा अंदाज येतो. रोपणाच्या यशाच्या १९८६ च्या निकषांनुसार पहिल्या वर्षानंतर ती वर्षाला ०.२ मिमी.पेक्षा कमी असावी.

शस्त्रक्रियेच्या पद्धतीचा या झिजेवर परिणाम होतो. हिरडी कापून बाजूला केल्यास हाड नीट दिसते, मात्र अस्थिवेष्टनातून होणारा रक्तपुरवठा काही काळ खुंटतो. हिरडीला छिद्र पाडून केलेल्या रोपणात सूज व वेदना कमी असतात, पण हाडाचा उतार दिसत नाही. निवडक रुग्णांत दोन्ही पद्धतींतील अस्थिहानीत फारसा फरक आढळत नाही. हाडात छिद्र पाडताना त्याचे तापमान मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसवर गेले, तर पेशी मरू शकतात. म्हणून सलाइनची धार सोडत, मंद गतीने व चढत्या जाडीच्या ड्रिलने छिद्र रुंदावतात. रोपण व कृत्रिम दात यांना जोडणारा जोडखांब रोपणापेक्षा अरुंद वापरल्यास कडेचे हाड अधिक टिकते.

धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह, पूर्वीचा हिरड्यांचा विकार व अस्वच्छता यांमुळे झीज वाढते. महाराष्ट्रात प्रचलित असलेली तंबाखूची मिश्री हिरड्यांना घातक असल्याने रोपणापूर्वी ती सोडणे हिताचे ठरते.