स्टँड मिक्सर

स्टँड मिक्सर हे पीठ मळणे, लोणी व साखर फेसणे, अंडी किंवा क्रीम फेटणे आणि केकचे मिश्रण एकजीव करणे यांसाठी वापरले जाणारे विजेवरील यंत्र आहे. मोटर बसवलेला त्याचा वरचा भाग जड बैठकीवर उभा असतो व त्याखाली भांडे अडकवलेले असते. त्यामुळे काम चालू असताना यंत्र हातात धरावे लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील बेकऱ्यांसाठी ते तयार झाले व पुढे घरांत आले. घरगुती बेकिंगसाठी ते उपयुक्त असले तरी अनिवार्य नाही. त्याची किंमत, वजन व त्याला लागणारी जागा पाहता ते विकत घ्यावे की नाही, हे मुख्यतः कोणते पदार्थ, किती प्रमाणात व किती वेळा केले जातात यावर अवलंबून असते.

नाव

मराठीत नुसते ‘मिक्सर’ म्हटल्यास चटणी किंवा वाटण करण्याचे यंत्र, म्हणजे मिक्सर ग्राइंडर, असा अर्थ होतो. ही दोन्ही यंत्रे भिन्न आहेत. मिक्सर ग्राइंडरचे धारदार पाते मिनिटाला हजारो फेरे घेऊन पदार्थ कापते व दळते. स्टँड मिक्सरच्या साधनांना धार नसते. ती साधारणतः मिनिटाला साठ-सत्तर ते दोन-अडीचशे फेरे घेतात आणि पदार्थ न कापता ढवळतात, ताणतात किंवा त्यात हवा भरतात. म्हणून एक यंत्र दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

इतिहास

विजेच्या वापरापूर्वी केकमध्ये हवा भरण्याचे काम पूर्णपणे हाताचे होते. जुन्या युरोपीय पाककृतींत अंडी तासभर फेटण्यास सांगितलेले आढळते. महाराष्ट्रातील घरांतही नानकटाईसाठी तूप व पिठीसाखर परातीत तळहाताने पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसली जात असे आणि घरी ओव्हन नसल्याने ती जवळच्या बेकरीच्या भट्टीतून भाजून आणण्याची पद्धत होती.

अमेरिकेतील ओहायो राज्यातील ट्रॉय येथील होबार्ट मॅन्युफॅक्चरिंग कंपनीत हर्बर्ट जॉन्स्टन हे अभियंता होते. १९०८ साली एका बेकरला लोखंडी पळीने पीठ कालवताना पाहून त्यांना या यंत्राची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्यातून बेकऱ्यांसाठी ८० क्वार्ट (सुमारे ७६ लिटर) क्षमतेचे यंत्र तयार झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाच्या जहाजांवर ते वापरले जाऊ लागले. १९१९ साली याच कंपनीने ‘किचनएड’ या नावाने एच-५ हे घरगुती यंत्र बाजारात आणले. त्याचे वजन सुमारे २९ किलोग्रॅम व किंमत १८९.५० डॉलर होती. ती त्या काळी सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती.

१९३० साली सनबीम कंपनीचे ‘मिक्समास्टर’ हे तुलनेने स्वस्त यंत्र आले. आयव्हार जेपसन यांनी त्याची रचना केली होती. १९३७ साली एगमाँट एरन्स यांनी आराखडा केलेले किचनएडचे ‘के’ प्रतिमान आले. आजच्या यंत्रांचा ओळखीचा आकार त्यावरूनच आलेला आहे. स्वीडनमध्ये १९४० साली इलेक्ट्रोलक्सचे ‘असिस्टंट’ आले, ज्यात भांडेच फिरते. इंग्लंडमध्ये केनेथ वुड यांच्या कंपनीने १९५० साली ‘केनवुड शेफ’ हे यंत्र आणले.

रचना व कार्य

बहुतेक स्टँड मिक्सरमध्ये ग्रहीय गतीचे तत्त्व वापरलेले असते. ढवळणारे साधन स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी भांड्याच्या मध्याभोवती उलट दिशेने प्रदक्षिणा घालते. पृथ्वी जशी स्वतःभोवती व सूर्याभोवती फिरते, तशी ही दुहेरी गती असते. त्यामुळे भांडे स्थिर राहूनही साधन त्याच्या सर्व भागांत पोहोचते.

भांडे बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत वरचा भाग बिजागरीवर मागे कलतो. दुसरीत तो स्थिर राहतो व भांडे तरफेने वर उचलले जाते. दुसरी पद्धत सहसा मोठ्या यंत्रांत असते. यंत्राबरोबर साधारणतः तीन साधने मिळतात:

• फ्लॅट बीटर – केक व बिस्किटांचे मिश्रण, लोणी-साखर फेसणे
• वायर व्हिस्क – अंड्याचा पांढरा बलक, क्रीम
• डो हुक – पाव, पिझ्झा इत्यादींचे पीठ मळणे

पदार्थांनुसार उपयुक्तता

केक व बिस्किटे: लोणी फेसताना साखरेच्या कणांच्या घर्षणाने त्यात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे अडकतात. बेकिंग पावडर प्रामुख्याने हेच बुडबुडे फुगवते. म्हणून फेसण्यातील उणीव पावडर वाढवून भरून निघत नाही. हे काम यंत्र चांगले करते, परंतु हँड मिक्सरही ते करू शकतो. तेल किंवा दही घालून केलेल्या अनेक बिनअंड्याच्या केकांचे मिश्रण मात्र हलक्या हाताने व थोडाच वेळ ढवळावे लागते. तेथे स्टँड मिक्सरचा लाभ नगण्य असतो आणि अति ढवळल्यास केक चिवट होतो.

पाव: मैद्यातील ग्लुटेनिन व ग्लायडिन ही प्रथिने पाण्याच्या संपर्काने ग्लूटेनचे जाळे तयार करतात आणि मळण्याने ते बळकट होते. लोणी व अंडी घातलेल्या ब्रिऑशसारख्या चिकट पिठासाठी यंत्राचा लाभ सर्वाधिक जाणवतो. मात्र मळताना घर्षणाने पीठ तापते. पावाच्या पिठाचे तापमान साधारणतः २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे असे मानले जाते. त्यामुळे उन्हाळ्यात थंड पाणी वापरावे लागते. साध्या पावाच्या बाबतीत वेळ हा श्रमाला पर्याय ठरतो. न्यूयॉर्कमधील बेकर जिम लेही यांची न मळता, दीर्घकाळ आंबवून करायच्या पावाची कृती २००६ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आल्यावर जगभर लोकप्रिय झाली.

पोळीची कणीक: चार माणसांच्या पोळ्यांची कणीक हाताने काही मिनिटांत तिंबून होते. घट्ट कणीक मोटरवर अधिक ताण देते आणि मोठ्या भांड्यात थोडी कणीक हुकला नीट लागत नाही. केवळ रोजच्या पोळ्यांसाठी हे यंत्र घेणे सहसा सोयीचे ठरत नाही.

खरेदीचा निर्णय

वापराची वारंवारता हा पहिला निकष होय. समजा, यंत्राची किंमत ३०,००० रुपये आहे व ते दहा वर्षे चालते. आठवड्यातून एकदा वापरल्यास एकूण ५२० वेळा वापर होऊन प्रत्येक वेळचा खर्च सुमारे ५८ रुपये पडतो. महिन्यातून एकदाच वापरल्यास तोच २५० रुपये होतो. विजेचा खर्च अल्प असतो. ५०० वॅटचे यंत्र १५ मिनिटे पूर्ण भाराने चालले तरी एक अष्टमांश युनिट वीज लागते.

दुसरा निकष वजन व जागा हा आहे. अनेक घरगुती यंत्रे सुमारे दहा किलोग्रॅम वजनाची असतात. ओट्यावर कायमची जागा नसल्यास ते प्रत्येक वेळी उचलून आणावे लागते आणि हळूहळू वापर कमी होतो. कलत्या डोक्याच्या यंत्रासाठी वरच्या कपाटापर्यंत पुरेशी उंची आहे का, हेही मोजून पाहावे लागते.

तिसरा निकष क्षमतेचा होय. जाहिरातीत ठळक दिलेले वॅट हे यंत्र किती वीज घेते ते सांगतात. साधनापर्यंत किती बळ पोहोचते ते सांगत नाहीत. भांड्याच्या लिटरपेक्षा एका वेळी किती पीठ मळता येते, हा पुस्तिकेतील आकडा अधिक उपयोगी असतो. भांडे गरजेपेक्षा मोठे असल्यास एका अंड्याचा बलकही त्यात नीट फेटला जात नाही.

चौथा निकष दुरुस्तीचा. कार्बन ब्रश व दंतचक्रे झिजणारे भाग आहेत. काही यंत्रांत अति ताण आल्यास एक विशिष्ट दंतचक्र आधी तुटून मोटर वाचावी, अशी योजना असते. असे सुटे भाग व सेवा आपल्या गावी मिळतात का, याची खात्री आवश्यक असते. परदेशातील नातेवाइकांकडून येणाऱ्या यंत्रांबाबत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची, तर भारतातील २३० व्होल्टची असते. तेथील यंत्र येथे थेट जोडल्यास मोटर जळू शकते. पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो व हमी बहुधा लागू होत नाही.

हे सर्व हिशेब करणाऱ्याच्या शरीरस्थितीने बदलतात. संधिवात, मनगटाचे किंवा खांद्याचे दुखणे असलेल्या व्यक्तीसाठी हे यंत्र चैनीची वस्तू नसून बेकिंग चालू ठेवण्याचे साधन ठरू शकते. घरातून केकची मागणी पुरवणाऱ्यांसाठीही तसेच आहे: यंत्र फेटत असताना दोन्ही हात मोकळे राहतात आणि एकामागून एक घाणे सारख्याच प्रतीचे निघतात.

पर्याय

हँड मिक्सर स्वस्त, हलका व खणात मावणारा असून केक व क्रीमसाठी पुरेसा असतो. घट्ट पिठाला मात्र तो उपयोगी नाही. पीठ मळण्याचे पाते असलेला फूड प्रोसेसर कमी वेळात कणीक मळतो. नव्याने बेकिंग शिकणाऱ्याने आधी हाताने किंवा हँड मिक्सरने काम केल्यास आपली खरी गरज लक्षात येते, शिवाय मिश्रण केव्हा तयार झाले हे डोळ्यांना व बोटांना कळू लागते.

निगा व सुरक्षा

यंत्र चालू असताना भांड्यात हात किंवा उलथणे घालू नये. पदर, ओढणी, मोकळे केस व सैल बांगड्या फिरत्या साधनापासून दूर ठेवाव्यात. साधन बदलताना प्लग काढावा. पीठ मंद गतीवरच मळावे. गती वाढवल्यास मोटर तापते व यंत्र ओट्यावर सरकू लागते. ॲल्युमिनियमची साधने डिशवॉशरमध्ये काळी पडतात, म्हणून ती सौम्य साबणाने हाताने धुऊन लगेच पुसावीत.

हे सुद्धा पाहा

• केक
• ग्लूटेन
• नानकटाई
• मिक्सर ग्राइंडर