कागदाचा साक्षीदार

उज्जैन शहरातील फ्रीगंज, म्हणजेच माधवनगर, या वस्तीतील एखाद्या जुन्या मराठी घरातील पेटी उघडली, तर तीत दोन तऱ्हांचे कागद निघावेत. एक, पूर्वजांना मिळालेली मोडी लिपीतील सनद. दुसरा, नातवाच्या पदवीचे प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर क्रमांक छापलेला असतो, सनदेवर बहुधा नसतो. मग ती सनद खरी, हे कशावरून ठरत असे?

राणोजी शिंद्यांच्या काळापासून १८१० साली दौलतरावांनी ग्वाल्हेरजवळ लष्कर येथे मुक्काम हलवीपर्यंत उज्जैन हे शिंदे घराण्याचे मुख्य ठाणे होते. मराठी राज्यात राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा उमटवीत. मजकूर संपताच अखेरच्या अक्षरालगत मोर्तब करीत, म्हणजे मागाहून एक ओळही घुसडता येऊ नये. मोर्तबातील शब्दही मर्यादा दाखविणारेच असत. परंतु शिक्का कोरणारा कारागीर दुसरा शिक्काही कोरू शकतो, हे त्या काळचे कारभारी जाणून होते. म्हणून तपासणीची ‘रुजू’ आणि नोंदीची ‘बार’ अशा खुणा पत्रावर होत. कागद धन्याच्या हाती जाई; त्याचा साक्षीदार दप्तरात राही.

या साक्षीदाराचे मोल पुढे महाराष्ट्राला फार कठोरपणे कळले. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि तिचे दप्तर इंग्रजांच्या हाती आले. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनने मुंबई इलाख्यातील इनामदारांकडून त्यांच्या हक्काचे पुरावे मागविले व ते पुण्याच्या दप्तराशी ताडून पाहिले. बनावट सनदा त्यात उघड्या पडल्या, हे खरे. पण पिढ्यान्‌पिढ्या प्रामाणिकपणे जमीन कसणाऱ्या कुटुंबांपुढेही तोच प्रश्न उभा राहिला. ज्याची नोंद सापडेना, त्याच्या सत्याला आधार उरेना. हजारो इनामे खालसा झाली आणि १८५७ पूर्वीच्या असंतोषात त्याची भर पडली.

छपाईच्या युगात शिक्क्याची जागा क्रमांकाने घेतली. नाशिकच्या सरकारी मुद्रणालयात मुद्रांक छापले जाऊ लागले आणि छापील आकड्यावर लोकांचा विश्वास बसला. २००१ साली तेलगीला अटक झाल्यावर बनावट मुद्रांकांच्या व्यवहाराची व्याप्ती जसजशी उलगडत गेली, तसतसा तो विश्वासही डळमळला. कारण उघड आहे. आकडा कोणीही छापू शकतो. तो ज्या वहीत चढलेला असतो, ती वही मात्र त्याला छापता येत नाही. पडताळणी न करता स्वीकारलेला क्रमांक हा केवळ शोभेचा आकडा होय.

१९५७ साली उज्जैनमध्ये विक्रम विद्यापीठ स्थापन झाले. तेथील पदवीधर दूरदेशी नोकरीस गेला, तरी त्याच्या प्रमाणपत्राची अखेरची परीक्षा विद्यापीठाच्या नोंदीपाशीच होते. आता ती नोंद संगणकात असते आणि २०१५ पासून डिजिलॉकरसारख्या सोयीही आल्या आहेत. साधन बदलले, तत्त्व तेच राहिले.

मात्र त्या तत्त्वाला दुसरी बाजू आहे. नोंदवहीत एक अक्षर चुकले, तर खोट्याचे फारसे बिघडत नाही. खऱ्याचे आयुष्य अडते. म्हणून प्रमाणपत्र जपणे हे जसे नागरिकाचे काम, तसे नोंद निर्दोष राखणे आणि चुकल्यास ती विनाविलंब सुधारणे हे कचेरीचे कर्तव्य आहे. साक्षीदारच बेसावध राहिला, तर न्याय मागावा कोणाकडे?