विद्यापीठ आणि रथ : मराठवाड्यातील उच्चशिक्षणाच्या नियोजनाचा एक विचार

राज्याच्या उच्चशिक्षणाचे नियोजन म्हणजे महाविद्यालये कोठे काढावयाची याचा नकाशा, असा समज रूढ आहे. मराठवाड्याचा इतिहास पाहिला असता हा समज अपुरा ठरतो, असे आम्हांस वाटते.

१९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचा भाग होता. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ दूर हैदराबादेत होते आणि त्याचे अध्यापन प्रदीर्घ काळ उर्दूतून चाले. मराठी भाषक, त्यातही अस्पृश्य विद्यार्थी, त्या दारापर्यंत पोहोचणे दुरापास्तच होते. १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोणत्या समाजाला किती शिक्षण मिळाले, याची तुलना मांडली होती. संस्था किती, यापेक्षा त्यांत कोण पोहोचतो, हा त्यांचा निकष होता.

त्याच निकषाने, १९४५ साली स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तत्कालीन औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. पुढे त्यास मिलिंद हे नाव मिळाले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी तेथे वसतिगृहांचीही सोय झाली. मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाले. म्हणजे राज्याचे विद्यापीठ येण्यापूर्वी आठ वर्षे हे महाविद्यालय उभे होते.

‘मिलिंदपञ्ह’ या पालि ग्रंथात भदंत नागसेन राजा मिलिंदास विचारतात की, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? कोणताही एक अवयव रथ नव्हे. सर्व अवयव एकत्र आले म्हणजे ‘रथ’ हा व्यवहार होतो. विद्यापीठाचेही असेच आहे. इमारत, अध्यापक, अभ्यासक्रम, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांपैकी एक गळाले, तरी गरीब विद्यार्थ्यापुरता तो रथ उरत नाही.

याचा अनुभव बौद्ध समाजाने घेतला आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मात्र बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळण्यात आले. महाराष्ट्र शासनाने १९६० साली नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या; केंद्राची मान्यता येण्यास १९९० उजाडले. विद्यापीठ नकाशावर होते. परंतु त्याचे एक चाक ३४ वर्षे वादात होते.

१९७८ साली विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला, तेव्हा मराठवाड्यातील बौद्ध वस्त्यांवर हल्ले झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ आले. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने, व पुढे २०१६ च्या कायद्याने, प्रत्येक विद्यापीठाने पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा व उपेक्षित भागांचा विचार करावा, असे ठरविले. हे योग्यच झाले. तथापि १९८३ पासून विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळू लागल्यावर नकाशावरील महाविद्यालय आणि विद्यार्थ्यास परवडणारे महाविद्यालय या दोन भिन्न गोष्टी झाल्या.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, आराखड्यात नव्या महाविद्यालयांच्या संख्येशेजारी वसतिगृहातील जागा आणि शिष्यवृत्ती हाती पडण्याची मुदतही लिहिली जावी. मागणी करणाऱ्यांनीही केवळ नव्या महाविद्यालयावर समाधान मानू नये. रथ मोजावयाचा, तर त्याची चाकेही मोजली पाहिजेत.