साखळी, कोन आणि हिंगणघाटची कबर

दहावीच्या त्रिकोणमितीत एक माणूस कायम दीपस्तंभावर उभा असतो आणि जहाजाचा अवनत कोन मोजत असतो. का मोजतो, ते काही कळत नाही. मग पोरं विचारतात, "सर, हे साइन-टॅन पुढे लागतं कुठे?" आज ज्याची गोष्ट सांगतोय, त्याच्याही कामाबद्दल लोकांनी हेच विचारलं होतं.

विल्यम लॅम्बटन. 10 एप्रिल 1802 ला त्याने मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ पोलादी साखळीने एक सरळ रेघ मोजायला घेतली. साखळी शंभर फुटी, रेघ साधारण साडेसात मैल. लागले 57 दिवस! उन्हात पोलाद वाढतं, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवायची, जोडीला थर्मामीटर. एवढी काटेकोरी कशासाठी? तर पुढे साखळी क्वचितच लागणार होती. रेघेच्या दोन्ही टोकांवरून लांबची एकच टेकडी बघायची, कोन मोजायचे, आणि साइनच्या नियमाने उरलेल्या दोन बाजू काढायच्या. त्यातली एक बाजू म्हणजे पुढच्या त्रिकोणाचा पाया. मध्ये नदी येवो नाहीतर जंगल, त्रिकोण पलीकडे जातोच. पण पहिली रेघ चुकली, की पुढचं सगळं चुकलं. आणि आकडेमोड सगळी हाताने, लघुगणकांची कोष्टकं घेऊन.

असे त्रिकोण मद्रासहून मंगळूरपर्यंत गेले, तेव्हा कळलं की जुन्या नकाशांत द्वीपकल्प सुमारे 40 मैल जास्त रुंद दाखवलंय. पण मद्रासच्या एका हिशेबी अधिकाऱ्याचं म्हणणं काय, तर श्रीरंगपट्टणला जायचं असेल तर पालखीच्या भोयांना सांगावं, ते नेतील. लॅम्बटनचा नकाशा हवाच कशाला?

कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं होतं. 1808 मध्ये तंजावरला (तेव्हा गादीवर आपले सरफोजीराजे भोसले) ते मोठ्या देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. कोनांची चकती वाकली. दुसरा कुणी विलायतेला पत्र लिहून वाट बघत बसला असता. हा गडी तंबूत शिरला आणि सहा आठवडे ठोकून-ताणून चकती पुन्हा गोल करत बसला. मला विचाराल तर पहिल्या रेघेइतकंच मोठं काम हे.

त्रिकोण उत्तरेकडे सरकत राहिले. झेंडे धरून डोंगरांवर बसणारे खलाशी तापाने आजारी पडले, काही दगावले. वीस वर्षं झाली. हैदराबादहून नागपूरला निघालेला लॅम्बटन 20 जानेवारी 1823 ला वाटेत हिंगणघाटला वारला. वय सत्तरीच्या आसपास. काम पुढे नेलं त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट याने, आणि जगातल्या सर्वांत उंच शिखराला नाव लागलं ते त्याचं.

लॅम्बटनची कबर हिंगणघाटलाच आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गावरून जाताना गाव लागतं.