पोथीतील नगर आणि अंतरीचे क्षेत्र

चातुर्मासात आपल्या वसई-विरारच्या वाड्यांतून सायंकाळी पोथी लागे. ‘हे सारे खरोखर घडले काय?’ असे आजचे तरुण विचारतात. प्रश्न योग्यच आहे. परंतु पूर्वसूरींनी पोथीचे आणखी एक वाचन शिकविले आहे. त्याचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे संक्षेपाने ठेवतो.

या वाचनाची किल्ली ग्रंथांनीच दिलेली आहे. भागवताच्या चौथ्या स्कंधात, कर्मकांडात गुंतलेल्या प्राचीनबर्ही राजास नारद पुरंजनाची कथा सांगतात. नऊ दारांच्या नगरात पुरंजन राणीसह रमतो. पाच फण्यांचा नाग नगर राखतो. पुढे चंडवेग ३६० गंधर्व व तितक्याच गंधर्वींसह येऊन नगर लुटतो. मग नारद स्वतःच उकल करतात: नगर हा देह, पुरंजन हा जीव, राणी ही बुद्धी, नाग हा प्राण, चंडवेग म्हणजे संवत्सर आणि त्याचे सैन्य म्हणजे आपले दिवस व रात्री.

हीच दृष्टी संतांनी मराठीत आणिली. शके १२१२ (इ. स. १२९०) मधील ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशमूर्ती ही ओंकाराची आहे, अकार चरण, उकार उदर, मकार मस्तक. गीतेच्या तेराव्या अध्यायात देहासच ‘क्षेत्र’ म्हटले आहे. त्याचे विवरण ज्ञानदेवांनी विस्ताराने केले. पुढे शके १४९३ (इ. स. १५७१) मध्ये एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचून कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहात जीवशिवांचे ऐक्य दाखविले.

तथापि या वाचनात एक धोका आहे. ‘सारे अंतरीचेच’ असे म्हणून बाहेरचे कर्तव्य टाळता येते. येथे स्वतःचीच गोष्ट सांगतो. आपल्याकडे जमिनींना भाव आला, तेव्हा हातभर बांधावरून थोरले बंधू व मी तीन वर्षे बोलत नव्हतो. त्याच काळात मी रोज महाभारत वाची आणि सुईच्या अग्राइतकी भूमी न देणाऱ्या दुर्योधनास नावे ठेवी. एके रात्री तेराव्या अध्यायातील ‘क्षेत्र’ या शब्दाशी आलो आणि पोथी मिटली. कुरुक्षेत्र माझ्याच ओसरीवर होते. त्या दिवाळीस मी दादांकडे गेलो. बांध त्यांच्या म्हणण्याप्रमाणेच राहिला.

असो. पोथीतील असुर प्रथम स्वतःत शोधावा, शेजाऱ्यात नव्हे, एवढीच या वाचनाची शिकवण. येत्या चातुर्मासात घरोघरी निदान एक अध्याय या दृष्टीने वाचला जावा, ही नम्र विनंती.