शंभरीचे पुरुष आणि जन्माची नोंद

भूमध्य समुद्रात इटलीच्या पश्चिमेला सार्डिनिया हे मोठे बेट आहे. बेटाच्या अंतर्भागात, डोंगरांमध्ये तियाना नावाचे लहानसे गाव वसले आहे. तेथील मेंढपाळ अंतोनियो तोद्दे यांचा जन्म २२ जानेवारी १८८९ चा आणि मृत्यू ३ जानेवारी २००२ चा. ११३ वा वाढदिवस अवघ्या एकोणीस दिवसांवर होता. त्या वेळी ते जगातील सर्वांत वयोवृद्ध पुरुष मानले जात.

एखादाच माणूस इतका जगला, तर तो योगायोग म्हणता येईल. परंतु सार्डिनियातील कोडे वेगळेच होते. जगात बहुतेक ठिकाणी शंभरी गाठलेल्या दर पुरुषामागे चार-पाच स्त्रिया आढळतात. सार्डिनियात हे प्रमाण सुमारे दोन, आणि डोंगराळ भागातील काही गावांत जवळजवळ बरोबरीचे दिसत होते. जियान्नी पेस यांनी १९९९ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे ही माहिती मांडली, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. बेल्जियमचे लोकसंख्याशास्त्रज्ञ मिशेल पुलाँ मग स्वतःच पडताळणीसाठी गेले.

शंका रास्त होती. वय मोजायला कोणतेही यंत्र नाही. कागदावरच विसंबावे लागते. शिवाय लहानपणी वारलेल्या मुलाचेच नाव पुढच्या भावंडाला ठेवण्याची रीत तेथे होती. थोरल्याचा जन्मदाखला धाकट्याला लागला, की वय आपोआप काही वर्षांनी वाढते! इटलीत १८६६ पासून नागरी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली होती. या वह्या, चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी, भावंडांचे जन्म, विवाह अशा साऱ्या तारखा एकमेकींशी ताडून पाहाव्या लागल्या.

दुसरा प्रश्न गणिताचा होता. ‘आज गावात शंभरीचे किती?’ असे विचारले तर फसगत होते. तरुण मंडळी पोटासाठी बाहेर गेली, की गावात म्हाताऱ्यांचे प्रमाण वाढतेच. म्हणून संशोधकांनी छेद बदलला. १८८० ते १९०० या काळात त्या गावात जन्मलेल्यांपैकी किती जण शंभरीला पोहोचले, हे मोजले. अशी गावे नकाशावर निळ्या शाईने दाखवली गेली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातील ‘निळा प्रदेश’ हे नाव त्यातूनच आले. पुढे व्हिलाग्रांदे या गावात १८७६ ते १९१२ दरम्यान जन्मलेल्या सर्वांच्या नोंदी तपासल्या. तेथे स्त्रिया आणि पुरुषांच्या आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही.

असे का व्हावे? डोंगरउतारावरचे मेंढपाळीचे जीवन, रोजची मैलोगणती पायपीट, गावाची चढण यांचा पुरुषांच्या दीर्घायुष्याशी संबंध दिसतो. पण संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. दीर्घायुष्याच्या अशा दाव्यांमागे बऱ्याचदा सदोष नोंदी असतात, असे दाखवणाऱ्या सॉल न्यूमन यांना २०२४ साली इग-नोबेल पुरस्कार मिळाला. सार्डिनियाच्या अभ्यासकांचे उत्तर एकच: आमच्या वह्या तपासा.

आपल्या वह्या तपासल्या तर? महाराष्ट्रात १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे प्रत्येक गावात भेटतात. ती सारी काही एकाच दिवशी जन्मलेली नाहीत. पालकांना तारीख ठाऊक नसे. शाळा जूनमध्ये भरे. मास्तरांनी मुलाचे वय बसेल असे वर्ष धरून तारीख लिहून टाकली. त्यांचा हेतू मूल शाळेत यावे हाच होता. पण त्यांच्यापैकी कोणी शंभरी गाठली, तर ती खरी की कागदावरची, हे कसे ठरवणार?

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आपल्याकडे १९६९ साली झाला. एका बेटावरच्या मेंढपाळांचे आयुष्य विज्ञानाला मोजता आले, कारण शंभर वर्षांपूर्वी कोणा कारकुनाने तारीख नीट लिहून ठेवली होती. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव चढवताना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.