झिरपलं कुठे?

१९५३ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना मृत्युकराचा कायदा झाला. मालमत्ता वारसांच्या हाती जाण्यापूर्वी तिच्यात सरकारचा हिस्सा. पुढे कमाल दर ८५ टक्क्यांवर चढला, वसुली मात्र तुटपुंजीच राहिली. १९८५च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंहांनी हा कर रद्द केला तो याच कारणाने: वर्षाकाठी जेमतेम २० कोटी येतात, त्या मानाने खर्च फार. कारण खोटं नव्हतं. पण घागर गळते म्हणून सांधायची सोडून ती फोडून टाकली, असं मला वाटतं. २०१५मध्ये संपत्तीकरही गेला. बदल्यात कोटीवरच्या उत्पन्नावर जादा अधिभार आला. उत्पन्नावर, साठवलेल्या संपत्तीवर नव्हे.

मग २० सप्टेंबर २०१९. कंपन्यांवरचा मूळ कर सवलती सोडणाऱ्यांसाठी ३० टक्क्यांवरून २२वर, नव्या कारखान्यांसाठी १५वर. सरकारच्याच अंदाजाने वर्षाचा १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडला गेला. वर पैसा राहिला की गुंतवणूक होईल, रोजगार खाली झिरपेल, ही आशा. शेअर बाजाराने वाटही पाहिली नाही. सेन्सेक्स त्याच दिवशी १,९०० अंशांहून अधिक उसळला.

मधे कोविड आला, हे मान्य. पण नफ्याला तो आडवा आला नाही. जुलै २०२४च्या आर्थिक पाहणीत सरकारनेच नोंदवलं आहे: २०१९-२० ते २०२२-२३ या काळात ३३ हजारांहून अधिक कंपन्यांचा करपूर्व नफा जवळपास चौपट झाला, नोकरभरती आणि पगारवाढ मागेच राहिली.